एका हाताचा चाकू

मी चाकू आहे. घडीचा. सध्या मिटलेला आहे म्हणून बोलतोय. उघडा असलो की माझं कुणी ऐकून घेत नाही. आधी तो मिटा, लागेल कुणाला, एवढंच म्हणतात.

माझा जन्म शिरूरचा. पण त्याच्याही आधी मी एका ट्रकच्या पोटाखाली होतो. नगर रस्त्यावर ओझ्यानं त्या ट्रकचा कमानपाटा मोडला, तो भंगारात आला आणि भंगारातून हरिबा लोहारांच्या भट्टीत. हरिबांनी त्यातला एक तुकडा तोडला, ठोकून पातळ केला, घासला आणि त्याचं पातं घडवलं. मग ते लालबुंद तापवून तेलात बुडवलं. याला पाणी पाजणं म्हणतात. पोलादाला कडकपणा येतो तो यानं. त्या कामाच्या वेळी हरिबा कुणाशी बोलत नसत. दारात गिऱ्हाईक ताटकळत असलं तरी मान वर करत नसत.

"पाणी चढलं तर चाकू, न्हाई तर नुसता पत्रा," असं ते मला दाखवत गिऱ्हाइकांना म्हणायचे, आणि माझी छाती फुगायची.

मूठ मला म्हशीच्या शिंगाची बसवली. पाठीला एक पोलादी पट्टी, उघडताना चांगली ताठ लागणारी. पुरता उघडलो की टक् असा आवाज व्हायचा. पात्याच्या कडेला नखापुरती खाच होती. डाव्या हातात मूठ धरायची, उजव्या अंगठ्याचं नख खाचेत घालायचं आणि पातं बाहेर ओढायचं. म्हणजे मला उघडायला दोन हात लागत. माणसाला ते असतातच, असं हरिबांनाही वाटलं आणि मलाही. त्यामुळे याचा विचार कुणी केला नाही.

चौऱ्याण्णव साली शिरूरच्या बाजारात रखमाजींनी मला उचललं. राहूचे रखमाजी. भीमा ओलांडून ते या बाजूला मेंढरं घेऊन आले होते. त्यांच्या आज्ज्यानं जन्मभर मेंढरांमागं मुलूख पालथा घातला. वडलांनी राहूत जमीन धरली, तिथं आता ऊस उभा होता. तरी रखमाजींनी पन्नासेक मेंढरं ठेवली होती. "शेती बायकू बघती, मी मेंढरं बघतो," असं ते चारचौघांत सांगत. त्यांची बायको रतनबाई तिथंच असली तर म्हणायची, "शेतीबी मीच बघते आन् ह्यास्नीबी मीच बघते."

माझे ते दिवस सुखाचे होते. बाभळीची फांदी छाटून मेंढरांपुढं टाकायची, वाढलेली खुरं तासायची, नव्या कोकराची नाळ कापायची आणि दुपारी धोतराच्या सोग्याला पुसून त्याच पात्यानं कांदा चिरायचा. तुम्ही नाक मुरडाल. मेंढरामागच्या माणसाला असं नाक मुरडून चालत नाही. मी दिवसातून कितीदा उघडायचो आणि मिटायचो ते सांगता येणार नाही, पण रखमाजी कधी माझ्याकडं बघून उघडत नसत. डोळे मेंढरांवर आणि बोटं माझ्यावर, असं त्यांचं होतं.

मग तो गुऱ्हाळाचा हंगाम आला. राहूच्या आजूबाजूला तेव्हा गुऱ्हाळांचा धूर दिवसभर दिसायचा. भावकीतल्या एका गुऱ्हाळावर चरकात ऊस घालणारा माणूस आला नव्हता, म्हणून रखमाजी तासाभरासाठी उभे राहिले. शेजारधर्म. चरकाला शेजारधर्म कळत नाही. उसाच्या मोळीबरोबर सदऱ्याची बाही आत गेली आणि बाहीबरोबर डावा हात.

मी त्यांच्या उजव्या खिशात होतो. सगळं ऐकत होतो. इंजिन बंद करा म्हणून कुणीतरी ओरडत होतं. ती बाही वेळेवर फाडता आली असती तर काय झालं असतं, याचा मी आजवर विचार करतो. पण चाकू स्वतःहून उघडत नाही. माझ्या जातीची ही लाचारी मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

दवाखान्यातून ते परतले तेव्हा डावा हात मनगटापाशी संपला होता. चार-सहा महिने मेंढरं रतनबाईनं सांभाळली. मग एके दिवशी रखमाजी काठी घेऊन निघालेच. रानात पोचल्यावर सवयीनं मला खिशातून काढलं, उजव्या हातात धरलं आणि डावा हात पुढं केला. म्हणजे जेवढा उरला होता तेवढा.

त्यानंतर त्यांनी मला नाना तऱ्हांनी उघडून पाहिलं. गुडघ्यांत मूठ दाबून पाहिली. घामानं मी निसटायचो. पायाच्या अंगठ्याखाली धरून पाहिलं; त्यासाठी खाली बसावं लागायचं आणि तोवर मेंढरू निघून जायचं. शेवटी दातांवर आले. पात्याची पाठ दातांत धरायची आणि मूठ ओढायची. जमायचं. पण पाठीची पट्टी ताठ, एकदा मी झटक्यानं उघडलो आणि त्यांचा खालचा ओठ चिरला. मला थांबता आलं नाही. ज्या माणसासाठी घडलो त्याचंच रक्त माझ्या पात्यावरून ओघळत होतं, आणि तेच माणूस मला धोतराला पुसून म्हणत होतं, "तुजा काय दोस न्हाई, बाबा."

त्यांचा मुलगा मल्हार तेव्हा शिक्रापूरच्या एका कारखान्यात नुकताच हेल्पर म्हणून लागला होता. तिथंच खोली घेऊन राहायचा. सुट्टीला घरी आला आणि बापाचा ओठ बघून जेवता जेवता थांबला.

"आबा, ह्ये काय?"

"काटा लागला बाभळीचा."

"काटा न्हाई," रतनबाई चुलीपासून म्हणाली. "चाकू दातानं उघडत्यात. दोन दात बी हलाय लागल्यात."

मल्हारनं ताट सरकवलं. "मेंढरं इकून टाकू. रानात एकटं आसताना तुमाला साधा चाकू उघडता येत न्हाई. एखादं जनावर कशात अडाकलं तर काय करचाल? माज्याकडं ऱ्हायला चला दोघंबी."

मेंढरं विकायची म्हणजे रखमाजींनी सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न होता. ओठाला हळद लावलेली होती, त्यामुळे त्यांचं बोलणं जरा फाकल्यासारखं आलं.

"आन् चाकू एका हातानं उघडला तर?"

"तर मग मी काय बोलणार न्हाई," मल्हार म्हणाला.

असा तो सौदा ठरला. मी उघडलो तर मेंढरं राहणार, नाही तर जाणार. मला कुणी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात मल्हारनं बापाला शिक्रापूरला नेलं. त्याच्या खोलीशेजारी बाळासो नावाचा ट्रक ड्रायव्हर राहायचा. बाळासोला चाकूंचा नाद. कुठल्या कुठल्या बंदरावरून, धाब्यांवरून त्यानं ते जमवले होते. त्यानं आपल्या खाटेवर पोतं अंथरलं आणि एका हातानं उघडणारे चार चाकू ओळीनं मांडले. हातात एकही दिला नाही. चाकू हातात दिला की भांडण होतं, म्हणून खाली ठेवायचा आणि समोरच्यानं उचलायचा, ही आमच्याकडची रीत. मलाही शेजारी ठेवलं. शाळेत नापास झालेलं पोर पाहुण्यांसमोर बसवावं तसं मला झालं.

पहिला खटक्याचा. मुठीवर बटण, ते दाबलं की पातं खट्कन बाहेर. काय त्याचा तोरा. रखमाजींनी बटण दाबलं तसा त्यानं असा हिसका दिला की ते दचकले आणि तो खाटेवर पडला. "ह्यो जवळ घावला तर पोलीस पयलं आत घालत्यात," बाळासो म्हणाला. शिवाय आतल्या स्प्रिंगमध्ये लोकर आणि धूळ गेली की तो अर्ध्यातच अडकणार, हे मला बघताक्षणी कळलं. आणि मिटायला त्यालाही दुसरा हात लागत होता. ते तो कुणाला सांगत नव्हता.

दुसरा झटक्याचा. त्याची खीळ, पातं जिच्यावर फिरतं ती, मुद्दाम ढिली ठेवलेली. मनगटानं झटका द्यायचा की पातं फेकल्यासारखं बाहेर यायचं. रखमाजींना ते दुसऱ्या खेपेलाच जमलं. पण ते म्हणाले, "दोन पायात मेंढी धरल्यावर झटका कुठं मारू? तिच्या डोळ्यात?" आणि खिशात बसल्या बसल्या हा आपोआप उघडला तर मांडीचं काय, हेही होतंच. ढिल्या खिळीच्या चाकूवर माझा तरी विश्वास नाही.

तिसऱ्याच्या पात्याला चांगलं मोठं गोल भोक होतं. त्यात अंगठ्याचा मांसल भाग रुतवायचा आणि पातं ढकलायचं. हा मला बरा वाटला. गरीब स्वभावाचा, आवाज न करणारा. हात ओला असला तरी अंगठा भोकातून सुटत नव्हता. पण त्याची मूठ बाईमाणसाच्या हाताच्या मापाची, रखमाजींच्या पंजात हरवली.

चौथ्याच्या पात्याला खिळीजवळ एक बारकी घुंडी होती, शर्टाच्या गुंडीएवढी. अंगठा घुंडीवर ठेवायचा आणि बाहेर लोटायचं. रखमाजींनी लोटलं. पातं गुमान उघडलं. मग त्यांनी पात्याची पाठ मांडीवर टेकवली आणि हलकेच दाबलं, तसं ते मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. मग खिडकीबाहेर बघत, चाकूकडं न बघता उघडलं. असं न बघता चाकू उघडताना त्यांना मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मला जळफळाट झाला.

"ह्यो," ते म्हणाले.

"ह्यो माज्या मालकाचा हाय, आप्पा. परत द्यायचाय," बाळासो ओशाळून म्हणाला.

रखमाजींनी तो पोत्यावर ठेवला आणि मला उचललं. "आसू दे. मला तरी दुसऱ्याचा कशाला? ह्याची मूठ माज्या हातात बसलीया." मग मल्हारकडं वळून विचारलं, "ह्याला आसली घुंडी बसल का रं?"

मल्हारनं मला निरखलं. "बसंल की. आमच्या शॉपात मशीन हाय."

त्या वेळी मी फार खूश झालो होतो. तो मूर्खपणा होता, पण मला तरी कुठं माहीत होतं.

जेवणाच्या सुट्टीत मल्हारनं मला कारखान्यातल्या वेल्डिंगच्या टेबलावर नेलं. त्याला मशीन हाती घेऊन महिनाही झाला नव्हता. त्यानं घुंडीसाठी एक बारका नट शोधला. शिंगाची मूठ जळू नये म्हणून तिला ओलं फडकं गुंडाळलं, ते मात्र अगदी काळजीनं. पात्याला काय होईल हे त्याच्या मनातही आलं नाही. लोखंडाला काय होतंय, असं त्याला वाटलं असणार. आणि त्यानं नट चिकटवला.

आता कसं सांगू. पाणी पाजलेल्या पोलादाला पुन्हा तसा जाळ लावला की त्याचं पाणी उतरतं. नटाजवळ मी आधी पिवळा पडलो, मग जांभळा, मग निळा, आणि तो निळा रंग सरकत सरकत धारेपर्यंत गेला. हरिबांनी मला जे दिलं होतं ते सगळं माझ्या अंगातून निघून जात होतं. मला ओरडता आलं असतं तर सगळा शॉप गोळा केला असता. मल्हार शिट्टी वाजवत होता. बापाची मेंढरं वाचवतोय याचा त्याला आनंद झाला होता. नट घट्ट बसला, मग त्यानं पॉलिशपेपर घेऊन माझा निळा रंग घासून काढला. मी पुन्हा चकाकलो. पाठीची पट्टीही थोडी घासून नरम केली. काम सुबकच झालं होतं, त्यात वाद नाही.

खंडेनवमीला तो मला घेऊन घरी आला. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात. विळा, कुऱ्हाड, खुरपं, कातर. मल्हारनं मलाही त्यांच्यात ठेवलं. रतनबाईनं हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नसतं. त्यामुळे मी कापतो का हे कुणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला रखमाजींनी मला देवापुढून उचललं, अंगठा घुंडीवर ठेवला आणि लोटलं. टक्.

रतनबाईनं डोळ्याला पदर लावला. सोनं द्यायला आलेला प्रत्येक माणूस माझा खेळ बघून गेला. रखमाजी उघडून दाखवत होते, मांडीवर मिटून दाखवत होते. उघडण्याचंच एवढं कौतुक झालं की पुढचं कुणी विचारलं नाही.

"बघ मल्हारा," ते म्हणाले, "आता तुला बोलता यायचं न्हाई."

"न्हाई बोलत," मल्हार हसून म्हणाला.

जुनी धार होती तोवर दोन-चार दिवस गेले. मग मी बोथट होऊ लागलो. सकाळी दगडावर घासावं, दुपारी बाभळीची साल निघू नये. रखमाजी दगड पायाखाली दाबून, एका हातानं मला घासत बसायचे. रतनबाई म्हणायची, "आधी आसं व्हत न्हवतं. चाकूलाच काय झालंय का बघा."

"आधी हात दोन व्हते," ते म्हणायचे. "एका हाताला धार नीट लावता येत न्हाई, चाकू काय करंल?"

मी काय करणार, हे त्यांचं खरंच होतं. पण बाकीचं सगळं खोटं होतं, आणि ते मला एकट्यालाच माहीत होतं.

मल्हार सुट्टीला आला की पहिला प्रश्न, "कसा चालतोय, आबा?" रखमाजी म्हणायचे, "झकास." दुसरं काय सांगणार? चाकू चालत नाही म्हटलं की मेंढरांचा विषय निघणार. पोरानं इतक्या हौसेनं केलेलं, त्यालाही वाईट वाटणार. मग ते माझ्याकडून फार कापून घेण्याचंच टाळू लागले. फांदी हातानं मोडायचे, दोरी दगडानं ठेचायचे. अशी दोन वर्षं निघाली. दोन वर्षं मी सगळ्यांना उघडून दाखवण्यापुरता चाकू होतो.

मग भांडगाव झालं. उन्हाळ्यात तिथल्या एका शेतकऱ्यानं खतासाठी रानात मेंढरं बसवायला बोलावलं होतं. रान सोलापूर रस्त्याला लागूनच. मेंढरांभोवती वाघर लावली होती. वाघर म्हणजे जाळं, मेंढरं आत राहावीत म्हणून खुंट्यांवर बांधतात. पूर्वी ती सुताची असायची, आता नायलॉनची. दुपारची वेळ, रतनबाई विहिरीवर पाण्याला गेलेली. रस्त्यावर एका ट्रकनं कर्कश हॉर्न वाजवला आणि सगळी मेंढरं एका अंगाला दाबली. चांदी नावाची गाभण मेंढी होती, कपाळावर पांढरा ठिपका. तिची मान वाघरेच्या फटीत गेली. घाबरून ती फिरली, एकदा, दोनदा, आणि नायलॉनचा पीळ तिच्या गळ्याला बसला.

रखमाजी धावले. तिला गुडघ्यांत धरलं. मला काढलं, अंगठा घुंडीवर, टक्. एवढ्या झटकन मी आयुष्यात उघडलो नव्हतो. त्यांनी मला दोरीवर ठेवून ओढलं.

मी घसरलो.

त्यांनी पुन्हा ओढलं, दाबून ओढलं, करवतीसारखं पुढंमागं केलं. नायलॉनवर माझा नुसता ओरखडा उठत होता. कडक धार असती तर ती दोरी बघता बघता सुटली असती. त्यांचा जोर कमी नव्हता. हे मी सांगतो, कारण तो जोर माझ्या पाठीवर येत होता. अख्खा माणूस माझ्यावर रेललेला होता. आणि माझ्यात कापायला काही उरलंच नव्हतं. चांदीची जीभ बाहेर आली. तिचे पाय आधी जोरात, मग हळू हलले.

रतनबाई हंडा टाकून पळत आली. एका हातानं दोरी ताणली, दुसऱ्या हातानं कमरेचा विळा काढून कापली. तोवर चांदी गेली होती, आणि पोटातलं कोकरूही.

रखमाजी माझ्याकडं बघतील असं मला वाटलं. मी तसाच उघडा त्यांच्या हातात होतो. त्यांनी मला बघितलंच नाही. त्यांनी हात बघितला. पालथा, मग उताणा.

"हात ऱ्हायला न्हाई माजा," ते म्हणाले.

"चाकू बघा की," रतनबाई रडत रडत म्हणाली. "त्यो कापीतच न्हाई."

"चाकूला कशाला नाव ठिवायचं? पोरानं केलाय त्यो. दोर ताणाय दुसरा हात लागतो. माज्यात जोर न्हाई ऱ्हायला."

त्याच महिन्यात मेंढरं गेली. मल्हारनं काही म्हणायच्या आधीच रखमाजींनी स्वतः सांगितलं, मेंढरं ने आणि दुसऱ्याला देऊन टाक. शेत वाट्यानं लावलं आणि दोघं नवरा-बायको शिक्रापूरला आले. मल्हारचं लग्न झालं होतं, आता दोन खोल्या होत्या. रखमाजी दिवसभर चाळीच्या ओट्यावर बसत, समोरून ट्रक जात, आणि ते मला उघडत आणि मिटत. कापायला काही नाही. नुसतं टक्, आणि मांडीवर दाबून बंद. येणारे-जाणारे कामगार म्हणत, "क्या बात है, चाचा, एक हाथ से." ते हसत नसत.

मल्हार आता हेल्पर राहिला नव्हता. टूलरूममध्ये शिकत शिकत वर चढला होता. एका रविवारी रतनबाईनं त्याला ज्वारीच्या पोत्याची शिवण कापायला सांगितली. रखमाजी आत झोपले होते, मी ओट्यावर होतो. मल्हारनं मला घेतलं. शिवणीवर घसरलो. त्यानं धारेवर बोट फिरवलं. कपाळाला आठी पडली. आत जाऊन कानस घेऊन आला आणि माझ्या पात्यावर एकदाच ओढली. कडक पोलादावर कानस घसरते. माझ्यावर ती चावली, आणि माझा चुरा खाली पडला.

त्यानं नटाकडं बघितलं. आपणच लावलेल्या त्या सुबक नटाकडं. मग तो ओट्यावर बसला. आता इतकी वर्षं शॉपमध्ये काढल्यावर त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"काय झालं रं?" रतनबाईनं विचारलं.

"काय न्हाई," तो म्हणाला. आणि हातानं तो चुरा झाडून टाकला.

मला वाटलं होतं, आता हा सांगेल. संध्याकाळी सांगेल, उद्या सांगेल. त्यानं सांगितलं नाही. चार दिवसांनी एक नवा चाकू घेऊन आला, घुंडीचा, चकचकीत. बापापुढं ठेवला. रखमाजींनी तो परत सरकवला. "मला हाय की. तू केल्याला." मल्हारनं मान खाली घातली. मला त्याचा राग येतो आणि कीवही येते. सांगायचं म्हणजे बापाला सांगायचं, की तुमची मेंढी तुमच्या हातानं नाही, माझ्या हौसेनं मेली. आणि मग मेंढरंही त्याचपायी गेली. कोणत्या मुलाच्या तोंडून ते निघेल? पण तो गप्प बसतो त्याची किंमत म्हातारा रोज ओट्यावर बसून मोजतो, हेही त्याला दिसतंय.

परवाचीच गोष्ट. रस्त्यानं मेंढरांचा कळप चालला होता. मागं राहूकडचाच भिमाजी. त्यानं रखमाजींना ओळखलं, काठी टेकून थांबला.

"आबा, तुमी हितं बसलाय? माजा जोडीदार आजारी पडून माघारी गेला. मानूस घावंना. चार म्हयनं चला की संगट. पळापळ मी करंन. तुमी फकस्त मेंढरू वळखायचं. तसं वळखणारं आता ऱ्हायलं न्हाई कुणी."

रखमाजी ओट्यावरून खाली उतरले. एक कोकरू त्यांच्या धोतराला हुंगत उभं राहिलं. ते वाकले, त्याच्या मानेवरून हात फिरवला, कानामागं खाजवलं. चेहरा असा झाला की आता हे आत जाऊन घोंगडं घेऊन येणार. मग त्यांनी हात काढून घेतला आणि मी होतो त्या खिशात घातला.

"न्हाई रं, भिमा. गाभण मेंढी मेलीया ह्या हातात. आता कुणाच्या मेंढराला हात लावायचा धीर व्हत न्हाई."

मल्हारला सुट्टी होती. तो दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. एक पायरी खाली उतरला. त्याचे ओठ हलले.

"आबा," तो म्हणाला.

"काय रं?"

कळप पुढं सरकत होता.

"ऊन लागंल. आत चला."

भिमाजी गेला. घंटांचा आवाज ट्रकांच्या आवाजात मिसळेपर्यंत रखमाजी रस्त्यावरच उभे होते. मग ओट्यावर येऊन बसले, मला काढलं, उघडलं आणि मिटलं.

आजही मी त्यांच्या हातात आहे, मिटलेला. अंगठा घुंडीवर आहे. त्या हातात किती जोर आहे ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, आणि मला तोंड नाही. म्हणून तुमच्याकडं मागणं मागतो. शिक्रापूरला कधी आलात आणि ओट्यावर एका हाताचा म्हातारा चाकू उघडत-मिटत बसलेला दिसला, तर उघडण्याचं कौतुक करू नका. ते फार झालं. त्यांच्याकडून मला मागून घ्या. तुमचे दोन्ही हात लावा, पाहिजे तेवढा जोर लावा, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर माझ्यानं एक साधी दोरी कापून बघा.

ती कापली जाणार नाही. ते त्यांना बघू द्या.